लिबव्हर्ट असताना माझी लायब्ररी कशाला?

प्रश्न: मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) सुरू करणं, बंद करणं, स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घेणं यासाठी मी पायथनमध्ये एक लायब्ररी लिहिली आहे. ती व्हर्च्युअलबॉक्स आणि क्यूएमयू ही अशी मशीनं उभी करणारी दोन्ही सॉफ्टवेअर चालवते. कोड सोबत जोडला आहे. सर म्हणतात, याच कामाची लिबव्हर्ट ही तयार लायब्ररी असताना हे कशाला? मैत्रिणी म्हणतात, वेब कर नाहीतर एआय कर. यात करिअर आहे का, की सोडून देऊ? एम.टेक. करावं लागेल का?

उत्तर: सोडू नकोस. पण आहे तशी पुढेही रेटू नकोस.

सरांचं म्हणणं खरंच आहे. लिबव्हर्टचं काम रेड हॅटमध्ये २००५ च्या सुमारास सुरू झालं. ही सी भाषेतली लायब्ररी क्यूएमयू-केव्हीएम, झेन, एलएक्ससी, व्हर्च्युअलबॉक्स अशी व्हर्च्युअलायझेशनची कितीतरी सॉफ्टवेअर एकाच इंटरफेसमधून चालवते आणि ओपनस्टॅकसारखी क्लाउड चालवणारी अवाढव्य यंत्रणा तिचा आधार घेते. लिबव्हर्टशी बरोबरी करण्याचा विचार असेल तर तो डोक्यातून काढून टाक. विद्यार्थ्याच्या लायब्ररीचं काम वेगळं असतं. इंटरफेस ठरवताना तू काय विचार केलास, हे समोरच्याला तिच्यातून दिसलं पाहिजे. आत्ता ते दिसत नाही.

तुझं 'स्टॉप' फंक्शनच घे. ते मशीनला बंद होण्याचा हुकूम पाठवतं आणि लगेच 'ट्रू' परत करतं. पण तो हुकूम म्हणजे एसीपीआयचा (संगणकाची वीज सांभाळण्याच्या प्रमाण पद्धतीचा) इशारा, पॉवर बटण दाबल्यासारखा. आतली ऑपरेटिंग सिस्टीम तो ऐकेल, उशिरा ऐकेल किंवा चक्क कानाआड करेल. मग तुझा 'ट्रू' नेमकं काय सांगतो, हुकूम पोचला की मशीन बंद झालं? तुझी लायब्ररी वापरणारा दुसरा अर्थ धरणार, पुढच्याच ओळीत डिस्कची फाइल कॉपी करणार आणि त्याच्या हाती अर्धवट डिस्क येणार. लिबव्हर्टमध्ये यासाठी 'शटडाउन' आणि 'डिस्ट्रॉय' अशी दोन वेगळी फंक्शन्स आहेत. पहिलं विनंती करतं, दुसरं सरळ वीज तोडतं. शटडाउन पूर्ण होण्याआधीच फंक्शन परत येतं आणि मशीनच्या आतली 'पाहुणी' सिस्टीम विनंती धुडकावू शकते, हे तिथल्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे. तुझ्या फंक्शनच्या वर एक ओळसुद्धा नाही.

दुसरी जागा यादीची. तू आधी चालू मशीन किती ते विचारतेस, मग तेवढ्या नावांची यादी मागतेस. या दोन प्रश्नांच्या मधे एखादं मशीन सुरू झालं किंवा बंद पडलं तर? वाईट वाटून घेऊ नकोस, लिबव्हर्टची सुरुवातीची फंक्शन्सही अशीच होती. पुढे सगळी यादी एका फटक्यात देणारं नवं फंक्शन आणावं लागलं. जुनी मात्र काढता आली नाहीत, कारण त्यांच्यावर लिहिलेले प्रोग्रॅम मोडू द्यायचे नाहीत, असा त्या प्रकल्पाचा शब्द आहे. म्हणून तर तिथे 'मायग्रेट', 'मायग्रेट२', 'मायग्रेट३' अशी, मशीन एका संगणकावरून दुसऱ्यावर हलवणारी भावंडं शेजारी शेजारी नांदताना दिसतात. लायब्ररी डिझाइन करण्यातला खरा अवघड भाग हाच आहे, आणि अभ्यासक्रमात त्याचं नावही निघत नाही.

आता काय करायचं? व्हर्च्युअलबॉक्स काढून टाक. दोन हायपरव्हायझरना (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरना) एकाच चौकटीत बसवायच्या नादात दोघांमध्ये जेवढं समान, तेवढंच तुझ्या लायब्ररीत उरलंय. एकट्या क्यूएमयूवर राहा. कमांड चालवून पडद्यावरचा मजकूर वाचत बसण्याऐवजी क्यूएमपी, म्हणजे क्यूएमयूशी बोलायचा प्रोटोकॉल, वापर. तो जेसन या प्रोग्रॅमला सहज वाचता येणाऱ्या मजकूर-स्वरूपात बोलतो आणि मशीनची अवस्था बदलली की स्वतःहून कळवतो. मशीनच्या सगळ्या अवस्था कागदावर काढ, कुठून कुठे जाता येतं ते बाणांनी दाखव आणि अवस्थेशी न जुळणाऱ्या प्रत्येक हुकमाला वेगळी, नाव असलेली चूक दे. तुझ्याकडे आत्ता सगळ्यांना मिळून एकच 'एक्सेप्शन' आहे! आणि खरं मशीन न लावता चाचण्या चालतील असा खोटा ड्रायव्हर, म्हणजे मशीनचं सोंग घेणारा कोड, लिही. लिबव्हर्टमध्ये तसा 'टेस्ट' ड्रायव्हर असतो, तो आधी चालवून बघ. एवढं झालं की लिबव्हर्टमध्येच एखादी छोटी सुधारणा पाठव, अगदी दस्तऐवजातली का असेना. अनुभवी लोक तुझा बदल तपासून, नावं ठेवून परत पाठवतील. त्या तपासणीत जे शिकशील ते प्रमाणपत्राच्या कोर्समध्ये मिळणार नाही.

नोकरीचं सरळ सांगतो. 'व्हर्च्युअलायझेशन इंजिनीअर' या नावाने नवख्यांसाठी जागा कमी निघतात. हेच काम प्लॅटफॉर्म, इन्फ्रास्ट्रक्चर, क्लाउड, सिस्टीम्स सॉफ्टवेअर, टेस्ट ऑटोमेशन अशा पाट्यांखाली असतं, तिथे शोध. पायथनच्या जोडीला सी वाचता आलं पाहिजे, लिनक्स आणि नेटवर्किंग पक्कं हवं. त्यानंतर गो किंवा रस्ट यांपैकी एक घे. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिस यंत्रणेवर व्हर्च्युअल मशीन चालवणारं कुबव्हर्ट गोमध्ये आहे आणि आत लिबव्हर्टच वापरतं; ॲमेझॉनने २०१८ मध्ये खुलं केलेलं, हलकी व्हर्च्युअल मशीन चालवणारं फायरक्रॅकर रस्टमध्ये आहे. मैत्रिणींच्या एआयचं म्हणशील तर ती मॉडेलंही कुठल्यातरी मशीनवरच चालतात आणि ती मशीनं कुणीतरी सांभाळतंच. पण महाविद्यालयातल्या कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या वेबचेच प्रश्न विचारत असतील तर तेवढी तयारी ठेव. पहिली नोकरी तिकडे लागली म्हणून इकडचं दार बंद होत नाही.

एम.टेक.ची घाई नको. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये संशोधनच करायचं असेल तर जरूर कर. केवळ या क्षेत्रात शिरण्यासाठी त्याची गरज नाही. आधी ते 'स्टॉप' दुरुस्त कर.