टीबीच्या गोळ्या चालू असताना ऊसतोडीला जाताय? नव्याने नाव घालू नका

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि 2019चा हंगाम आठवला. तुमच्या धाकट्या भावाच्या टीबीच्या गोळ्यांना महिना झालाय, दिवाळीनंतर टोळी कोल्हापूरकडे निघणार आणि ‘तिकडं कुठंही मिळतील’ म्हणून दवाखान्याने वाटेला लावलंय. आमच्या वडलांनाही बीडमध्ये हेच सांगितलं होतं.

सरकारी गोळ्या देशभर फुकट, हे खरं. पण आम्ही कारखान्यावर पोचलो तेव्हा पिशवीत चार दिवसांच्याच उरल्या होत्या. जवळच्या आरोग्य केंद्रात (नाव लिहीत नाही) खिडकीतल्या माणसाने कार्ड उलटंपालटं केलं. ‘नोंद बीडची आहे, बीडलाच जा.’ दुसऱ्यांदा गेलो तर गोळ्या देणारे मीटिंगला. तिसऱ्यांदा जेवणाची सुट्टी, ती साडेतीनपर्यंत संपली नाही. दर फेरीला वडलांचा एक खाडा, आणि मुकादम खाड्याचं काय करतो ते तुम्हाला सांगायला नको. तेरा दिवस गोळी नाही.

मग मी शहाणपणा केला. दुसऱ्या दवाखान्यात नेलं आणि आधीच्या पाच आठवड्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. जुनी नोंद दिसली की पुन्हा हाकलतील, ही धास्ती. नवा पेशंट, निक्षयवर (टीबी पेशंटची सरकारी ऑनलाइन नोंद) नवा आयडी, गोळ्या पुन्हा पहिल्यापासून. गावाकडच्या नोंदीत वडील ‘उपचार सोडलेले’. सरकार टीबी पेशंटला देतं ते पोषणाचे महिना 500 रुपये (आता 1000 झालेत) एकाच बँक खात्यावर दोन आयडी म्हणून अडकले, ते शेवटपर्यंत सुटले नाहीत. पैशाचं सोडा. खंड पडला की जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, त्याची वेगळी तपासणी लागते. मी तोंडच उघडलं नाही, मग डॉक्टर ती कशाला सांगतील? नशिबाने निभावलं.

म्हणून निघण्याआधी तुमच्या तालुक्याच्या एसटीएसला (टीबीच्या उपचारांवर देखरेख करणारा सरकारी सुपरवायझर) गाठा आणि निक्षयवर नव्या ठिकाणी ट्रान्स्फर समोर बसून करून घ्या. आयडी तोच राहतो. ‘करतो नंतर’ म्हणाले तर उठू नका. वाटेसाठी जास्तीच्या गोळ्याही तिथंच मागा, अडून बसलं की देतात. कार्डाचा फोटो दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. आमचं कार्ड कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) दहिवरानं भिजलं, तारखांची शाई पार पसरली. तिकडे कोणी अडवलंच तर निक्षयची हेल्पलाइन 1800-11-6666 खिडकीसमोर उभं राहूनच लावा.

मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही. डोस वजनावर असतो, तो त्यांनाच विचारा. पण एक सांगून ठेवा, लघवी लाल-नारिंगी होते, ती गोळीमुळे. आमच्या वडलांनी रक्त समजून दोन दिवस गोळी चुलीत टाकली होती, कुणाला न सांगता. कोपीत लहान पोरं असतील तर त्यांचीही तपासणी करून घ्या.

खरं विचाराल तर पहिले दोन महिने तरी त्याला फडात नेऊ नये. पहाटे चारला उपाशीपोटी गोळी आणि वर मोळ्या वाहायच्या, वडील बांधावर बसून ओकायचे. उचल घेतलीय म्हणाल. माहितेय, आम्हीही घेतली होती. तरी मुकादमाशी एकदा बोलून बघा, मोळ्या वाहण्याऐवजी नुसतं वाढं (उसाचे शेंडे) बांधायला लावतो का.

टोळी कुठल्या तालुक्यात उतरणार ते कळलं की इथंच लिहा. त्या बाजूला तीन हंगाम काढलेत, एसटीएस कुठं बसतो ते सांगतो.