दोन महिने गुण आला, मग जेल चालेनासे का झाले?

प्रश्न : माझे वय २३. मुरमांसाठी १ टक्का क्लिंडामायसिनचे जेल लावते. पहिले दोन महिने चेहरा स्वच्छ झाला. आता आठवा महिना आहे. दिवसातून दोनदा लावूनही मुरूम येतच आहेत. त्वचेला औषधाची सवय झाली का? जास्त टक्क्यांचे जेल घेऊ का?

उत्तर : सवय त्वचेला नाही, जिवाणूंना झाली असण्याचा संभव मोठा आहे. क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक. ते एकटेच महिनोन्‌महिने लावले की मुरमांतले कमजोर जिवाणू मरतात आणि त्याला दाद न देणारे मागे उरून वाढतात. टक्के वाढवून ते हटत नाहीत. ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांकडेही परस्पर वळू नका; क्लिंडामायसिनला न जुमानणारे जिवाणू बहुधा ॲझिथ्रोमायसिनलाही जुमानत नाहीत.

दुसरे असे की मुरमाची सुरुवात जिवाणूंपासून होत नाही. केसाच्या मुळाशी असलेली नळी तेल आणि मृत पेशींनी तुंबते, तिथून होते. हे बूच अँटिबायोटिकने निघत नाही.

म्हणून नुसते क्लिंडामायसिन लावणे थांबवा. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के लावा. ते जिवाणूंना ऑक्सिडेशनने मारते, त्यामुळे त्याला दाद न देणारे जिवाणू तयार होत नाहीत. १० टक्क्यांचे घेण्यात फायदा नाही, जळजळ मात्र वाढते. टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा ठेवा, रंगीत कपड्याचा रंग उडतो. रात्री ॲडापलीन ०.१ टक्का जेल; नळीतले बूच निघते ते याने. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर वाटाण्याएवढे जेल कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटी यांवर ठिपके देऊन सगळीकडे पसरवा. नुसत्या पुळीवर लावणे ही नेहमीची चूक. उद्या येणारा मुरूम आज दिसत नसतो. डोळे, ओठ आणि नाकाचे कोपरे टाळा. पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून लावा, वर साधे मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. सुरुवातीला साल निघेल, थोडे मुरूम वाढतीलही. घाबरून सोडू नका. १२ आठवड्यांनी हिशेब करा. चेहरा स्वच्छ झाल्यावरही ॲडापलीन चालू ठेवायचे असते.

तरीही फरक नसेल तर मुरूम कुठे आणि कसे आहेत ते पाहा. कपाळावर एकसारखे, खाजणारे बारीक दाणे असतील तर ती बुरशी असू शकते. लांबलेल्या अँटिबायोटिकनंतर ती वाढते. हनुवटी आणि जबड्यावर येत असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर हार्मोन्सची तपासणी हवी. आणि गोरेपणासाठी एखादे क्रीम लावत असाल तर त्यावर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल लिहिले आहे का, हे आजच वाचा. अशा स्टिरॉइडनेही मुरूम येतात. बराच काळ लावले असेल तर एकदम बंद केल्यावर चेहरा लालबुंद होऊन पेटतो, म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडा.

गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर ॲडापलीन सुरू करू नका.