यूआरएलचे टेम्पलेट: सुरुवातीला एवढं सांभाळा

तुमच्या पायथन प्रोग्रॅमला लागणारे वेब-पत्ते (यूआरएल) कोडमधून काढून कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या वेगळ्या फाइलमध्ये टाकलेत, हे उत्तम केलंत. आता टेम्पलेट, म्हणजे पत्त्याचा साचा, साधा ठेवा: मूळ पत्ता वेगळा, पुढचा पाथ वेगळा, पाथमध्ये महिरपी कंसातली नावं. त्या नावांच्या जागी व्हॅल्यू भरायला स्ट्रिंगची फॉरमॅट मेथड पुरते. एखादं नाव द्यायचं राहिलं तर ती लगेच की-एरर (नाव सापडलं नाही अशी चूक) देते, आणि आपल्याला तेच हवं असतं. पायथनच्या स्ट्रिंग-टेम्पलेटमधलं सेफ-सबस्टिट्यूट मात्र टाळा. ते न भरलेली जागा तशीच ठेवून गप्प पुढे जातं.

नवीन माणूस हमखास अडकतो तो इथे:

- पाथमध्ये जाणारी प्रत्येक व्हॅल्यू आधी क्वोट फंक्शनमधून (ते खास चिन्हांचे % ने सुरू होणारे कोड करतं) पाठवा, आणि त्याचं सेफ, म्हणजे न बदलायच्या चिन्हांची यादी, रिकामं द्या. नाहीतर '२४/७' मधला स्लॅश तसाच राहतो आणि एका भागाचे दोन होतात.
- यूआरएल-जॉइन (मूळ पत्ता आणि पाथ जोडणारं फंक्शन) वापरताना मूळ पत्त्याच्या शेवटी स्लॅश हवाच, पाथच्या सुरुवातीला नको. '/एपीआय/व्ही१' असा पत्ता संपला तर 'व्ही१' गायब होतं.
- प्रश्नचिन्हानंतरचं हाताने जोडू नका. नाव-व्हॅल्यूंच्या जोड्यांची डिक्शनरी यूआरएल-एनकोड फंक्शनला द्या, ते जोडून देतं.

जिंजा या टेम्पलेट लायब्ररीची गरज अजून नाही. रिक्वेस्ट पाठवण्याआधी तयार पत्ता प्रिंट करून बघा: त्यात '%२५' (% या चिन्हाचाच कोड) दिसलं, तर बहुधा एकच व्हॅल्यू दोनदा क्वोट झाली आहे.