हॉल अँड ओट्समध्ये जॉन ओट्स नक्की करायचा काय?

प्रश्न वाचून हसू आलं, कारण कॉलेजात असताना मलाही हेच वाटायचं. हॉल अँड ओट्स म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांत गाजलेली अमेरिकन पॉप जोडी. त्यांचे व्हिडिओ बघाल तर उंच, सोनेरी केसांचा डॅरिल हॉल गातोय आणि बाजूला एक बुटका मिशीवाला गिटार घेऊन डुलतोय, झालं. पण मी स्वतः ऑफिसच्या बँडमध्ये रिदम गिटार वाजवतो, त्यामुळे मी त्या मिशीवाल्याच्या बाजूने बोलणार हे आधीच सांगून ठेवतो.

दोघं भेटले 1967 मध्ये, फिलाडेल्फियाच्या अ‍ॅडेल्फी बॉलरूममध्ये. दोघांचे बँड वेगळे, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच गोळीबार झाला आणि जीव वाचवायला दोघं एकाच लिफ्टमध्ये घुसले, तिथे कळलं की आपण दोघंही टेम्पल युनिव्हर्सिटीचेच. ओट्स तिथे पत्रकारिता शिकत होता.

आता मुद्द्याचं. 'शीज गॉन' घ्या. न्यूयॉर्कमध्ये ओट्सला रात्री उशिरा एक मुलगी भेटली, अंगात बॅलेचा झगा आणि पायात काउबॉय बूट, तिच्याशी 31 डिसेंबरला भेटायचं ठरलं आणि ती आलीच नाही. हा घरी गिटार घेऊन बसला आणि मुखडा करून मोकळा झाला. हॉलचं लग्न तेव्हा मोडत होतं, त्याने अंतरे जोडले. म्हणजे एकाला टांग मिळाली, दुसऱ्याचा घटस्फोट, आणि गाणं एकच! 1974 मध्ये ते फारसं चाललं नाही, 1976 मध्ये परत काढलं तर अमेरिकेत टॉप टेनमध्ये.

'मॅनईटर'चंही तसंच. मुखडा ओट्सचा, पण त्याच्या डोक्यात तो रेगे, म्हणजे जमैकन ठेक्यातला होता, हॉल म्हणाला ठेका बदलू, मोटाउन या जुन्या सोल संगीत कंपनीच्या गाण्यांसारखा करू, आणि 1982 मध्ये ते नंबर वन झालं. 'आउट ऑफ टच'चा मुखडाही त्याचाच. म्हणजे चाल याची, पण लोकांच्या डोक्यात आवाज राहतो हॉलचा, त्याला कोण काय करणार. 1985 च्या 'वी आर द वर्ल्ड' या अनेक स्टार गायकांनी मिळून गायलेल्या गाण्यातसुद्धा हॉलला स्वतंत्र ओळ मिळाली, ओट्स मागे कोरसमध्ये उभा.

ऐंशीचं दशक सरता सरता ओट्सचे पैसेही संपले, घटस्फोट झाला, मग गडी मिशी काढून कोलोरॅडोला डोंगरात राहायला गेला. नंतर नॅशव्हिल हे संगीताचं शहर, आणि 2018 चा 'अर्कान्सॉ' अल्बम, जो मुळात मिसिसिपी जॉन हर्ट या जुन्या ब्लूजवाल्याच्या आठवणीत सुरू केलेला. गिटारिस्ट म्हणून ऐकायचा असेल तर हाच ऐका, कारण हिट गाण्यांत तो मुद्दाम कमी वाजवतो, 'आय कान्ट गो फॉर दॅट'मध्ये तर दाबलेल्या तारांचा टुक-टुक एवढाच ऐवज. आमच्या बँडमध्ये मी ते वाजवायला गेलो, सोपं वाटलं, दोन मिनिटांत हात भरून आला आणि ठेका सुटला तो वेगळाच.

2023 मध्ये ओट्स दोघांच्या भागीदारीतला आपला वाटा विकायला निघाला म्हणून हॉलने त्याच्यावर केस टाकली, त्यात कोण बरोबर यात मी पडत नाही. तुम्ही फक्त हेडफोन लावून 'शीज गॉन'चा पहिला अंतरा ऐका, दोघं एकच ओळ दोन सप्तकांत गातात. वरचा हॉल. खालचा, तो ओट्स.