हजेरीचे ३१ चेकबॉक्स: ओढून ठेवायचे की कोडने करायचे?

प्रश्न: सी शार्प आणि विंडोज फॉर्म्समध्ये क्लासच्या हजेरीचा प्रोग्रॅम करतोय. ३१ दिवसांचे चेकबॉक्स डिझायनरमध्ये, म्हणजे माउसने फॉर्म मांडायच्या खिडकीत, एकेक ओढून ठेवले. आता फेब्रुवारीतही ३१ दिसतात. मित्र म्हणतो, डिझायनर सोड आणि सगळं कोडने कर. करू का?

उत्तर: सगळं नको. नाव, इयत्ता, सेव्हचं बटण यांची संख्या आणि जागा ठरलेली आहे. ते डिझायनरमध्येच राहू द्या. तुम्ही बटण ओढता तेव्हा डिझायनरही कोडच लिहीत असतो. 'डिझायनर डॉट सीएस' फाइल उघडून इनिशियलाइझ-कंपोनंट बघा, ओळ न् ओळ दिसेल. पण तो तिथे लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, लिहून देत नाही. म्हणून संख्या महिन्यावर ठरणार असेल तिथे कोडला पर्याय नाही.

फॉर्मवर ७ कॉलमचं टेबल-लेआउट-पॅनेल (ओळी-कॉलममध्ये मांडणी करणारं पॅनेल) ठेवा, त्याचं ऑटोसाइझ (मजकुराप्रमाणे आपोआप माप घेणं) ट्रू करा. डेज-इन-मंथ फंक्शनकडून दिवस घ्या आणि तेवढे चेकबॉक्स लूपमध्ये पॅनेलला जोडा. ओळी आपोआप वाढतात, पिक्सेल मोजत बसावं लागत नाही. लूपच्या आधी सस्पेंड-लेआउट (मांडणी थांबवा) आणि नंतर रिझ्यूम-लेआउट (पुन्हा सुरू करा) लिहिलं की स्क्रीनचं लुकलुकणं कमी होतं.

आता हमखास होणाऱ्या दोन चुका. क्लिक झाल्यावर चालणाऱ्या छोट्या फंक्शनमध्ये, म्हणजे लॅम्डामध्ये, लूपचा मोजणारा 'आय' थेट वापरलात, तर ३१ दिवसांच्या महिन्यात कुठल्याही चौकटीवर क्लिक करा, तारीख ३२ च येणार! सगळे लॅम्डा एकच 'आय' धरून बसतात आणि लूप संपताना तो ३२ झालेला असतो. लूपच्या आत 'इंट दिवस = आय' असं वेगळं व्हेरिएबल घेऊन ते वापरा. दुसरी चूक महिना बदलताना होते. कंट्रोल्स-क्लिअरने चेकबॉक्स पॅनेलवरून जातात, मेमरीतून नाही. प्रत्येकाला डिस्पोज करा, म्हणजे त्याने धरलेली जागा मोकळी करा, तेही शेवटाकडून सुरुवातीकडे. डिस्पोज झालेला कंट्रोल यादीतून निघून जातो, त्यामुळे सरळ लूपमध्ये एकाआड एक सुटतो.

प्रश्न: कोडने केलेल्या लेबलमध्ये विद्यार्थ्याचं नाव अर्धवट दिसतं. डिझायनरमधल्या लेबलला असं होत नाही.

उत्तर: कोडमध्ये जन्मलेल्या लेबलचं ऑटोसाइझ फॉल्स असतं आणि माप १०० बाय २३. डिझायनर गुपचूप 'ट्रू'ची ओळ घालतो, म्हणून तिथे कळत नाही. फाँट मोठा केलात तर देवनागरीच्या वेलांट्या आणि उकारही कापले जातात. ऑटोसाइझ ट्रू करा. वरच्या चेकबॉक्सनाही हेच लागू.

फीसाठी न्यूमरिक-अप-डाउन (आकडा भरायची चौकट) कोडने करणार असाल, तर आधी मॅक्झिमम द्या, मग व्हॅल्यू. मुळात मॅक्झिमम १०० असतं; १५०० आधी टाकलेत की प्रोग्रॅम तिथेच आपटतो.