काउंटरच्या बाहेर येऊन पाहा

प्रिय बाळा,
प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र काल दुपारी वाचलं आणि रात्री झोप लागली नाही. तुझ्या इस्पितळाच्या काउंटरवर जतकडून आलेलं ते जोडपं, नवऱ्याच्या पायाला गुंडाळलेलं मळकं फडकं, आणि तू केसपेपर काढण्याआधीच "दहा हजार डिपॉझिट भरा" म्हणालास. पाच मिनिटांपूर्वी गाडीतून उतरलेल्या माणसाला मात्र काही न मागता खोली दिलीस. तासाभराने त्या बाईने पदराची गाठ सोडून पैसे मोजले, गाडीवाला बिल बुडवून गेला, आणि रविवारी उपासनेत बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचला गेला, श्रीमंताला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी बसवणाऱ्यांना फटकारणारा, तेव्हा तुला मान वर करता येईना.

वाईट वाटलं ते बरंच झालं. पण नेमकं कशाचं वाटलं, ते पुन्हा बघ. तू लिहितोस, "मावशी, माझा अंदाज चुकला." म्हणजे पदरात पैसे निघाले म्हणून लाज वाटली. निघाले नसते तर? याकोबाने सांगितलेला तो मळक्या कपड्यांतला माणूस शेवटपर्यंत गरीबच आहे. त्याच्या झोळीतून सोनं निघत नाही. त्याला पायाशी बसवणं चुकीचं होतं ते तो गरीब असतानाच. अंदाज सगळ्यांचाच चुकतो रे, राजा निवडायला गेलेला शमुवेलसारखा संदेष्टाही अलीयाबाची उंची पाहून चुकला. तू अंदाजावरच माणूस निकालात काढलास, हे मला लागलं.

आणि आता गाडीवाल्यांवर दात धरू नकोस. इस्त्रीच्या कपड्यांवरून लबाड ठरवणं म्हणजेही तोंड पाहूनच न्याय करणं.

"मग पाहायचं तरी काय?" असं विचारतोस. येशूच्या गावाचं, नासरेथचं, नाव ऐकताच नथनेलाने नाक मुरडलं, तिथून चांगलं काही निघतं का म्हणाला. त्याला येशूकडे बोलावणाऱ्या फिलिप्पाने वाद घातला नाही, नुसतं म्हणाला, "येऊन पाहा." मला आयुष्यात एवढेच दोन शब्द पुरले, तेही उशिरा कळले.

१९८८ साली मी सांगलीतल्या एका खाजगी दवाखान्यात रात्रपाळीला होते, नुकतीच सिस्टर झालेली. दीडच्या सुमाराला दोन हमालांनी एका माणसाला आणून बाकावर बसवलं. अंग घामाने चिंब, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं, तोंडाला वास. मी टेबलावरूनच म्हटलं, "पिऊन आलाय, सकाळी उतरेल." बाकापर्यंत दहा पावलं होती. चार वाजता त्याला आकडी आली. रक्तातली साखर २८, म्हणजे फारच खाली. मधुमेहाचा रोगी, इन्शुलिन घेऊन उपाशी राहिलेला. शिरेतून ग्लुकोज दिलं, तो जगला, पण त्याची जीभ पुन्हा नीट वळली नाही. त्याची बायको माझे हात धरून म्हणाली, "सिस्टर, तुमच्यामुळं वाचला." ते वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

साखर फार उतरली की माणूस प्यायल्यासारखाच दिसतो, हे मला शिकवलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. आणि हो, त्याने थोडी घेतलीही होती. डॉक्टरांनी मला धीर द्यायला ते सांगितलं. मला कसला धीर? उपाशीपोटी दारू पडली की यकृत साखर सोडेनासं होतं आणि ती आणखीच घसरते. म्हणजे वास आला, म्हणून तर आधी साखर पाहायला हवी होती. दारुडा असता तरी पाहायला हवी होती. दारुडा असता तर जास्तच!

तेव्हापासून केसपेपरवर कुणी "दारू पिऊन आला" असं लिहिलं की मी विचारायची, "साखर किती?" आता तर बोटाला टोचलं की काही सेकंदांत कळतं. नव्या डॉक्टरांना माझं विचारणं खटकायचं. दोनदा मला कॅज्युअल्टीतून हलवलं. बाई वाकडी आहे, म्हणायचे. माझा आवाज चढायचा हे खरं, काही भांडणं टाळता आली असती. पण प्रश्न बरोबर होता. आजही मी तोच विचारेन. दहा पावलं वाचवणाऱ्या बाईने दुसरं काय करायचं होतं, तू सांग.

"वरून तसं सांगितलंय" हे तू दोनदा लिहिलंस. पुन्हा लिहू नकोस. डिपॉझिटचा नियम असेल तर सगळ्यांना माग, गाडीवाल्यालाही, त्याच आवाजात. पण आधी उठून बाहेर ये, दुखतंय कुठे ते विचार, जखम डोळ्यांनी पाहा, मग पैशाचं बोल. एवढ्याला कुणाची परवानगी लागत नाही. खरंच भरायला नसतील तर कुठल्या योजनेत बसतात का ते तूच शोध. तुझ्याच टेबलावर ते कागद असतात.

आपण मिरजेची माणसं. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी इथे दवाखाना उभा केला. पुढे मिशनने कुष्ठरोग्यांसाठीही इस्पितळ चालवलं, लोक ज्यांच्या सावलीला उभे राहत नव्हते त्यांच्यासाठी. प्रभूने कुष्ठरोग्याला नुसत्या शब्दाने बरं केलं असतं. त्याने आधी हात लावला. हे तू रविवारच्या शाळेत पाठ केलंयस, मी नव्याने काय सांगू.

तो माणूस मंगळवारी पट्टी बदलायला येणार, असं लिहिलंयस. मधुमेह असेल तर पायाची जखम लवकर भरत नाही, बऱ्याच फेऱ्या होतील. आला की खुर्चीवरून उठ. त्याचं नाव केसपेपरवर तुझ्याच अक्षरात आहे, पण तुझ्या चार पानांत एकदाही नाही. सगळीकडे "तो जतवाला." त्याला नावाने हाक मार. आणि जतहून तशा पायाने एसटीत उभं राहून यावं लागतं की बसायला मिळतं, ते विचारून मला कळव.

तुझी,
मावशी