मंदीत कंपन्या भरतीच करत नाहीत, मग रिक्रूटमेंट एजन्स्या जगतात कशावर?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मंदीत कोणी माणसं घेत नसताना रिक्रूटमेंट एजन्स्या टिकतात कशा, ही एक. आणि पुण्यातल्या एका छोट्या एजन्सीत तुम्हाला रिक्रूटर म्हणून ऑफर आलीय, ती घ्यावी का, ही दुसरी. पहिलीचं उत्तर लांबतं, त्यामुळे दुसरीकडे शेवटी येते.

मी २००६ पासून या धंद्यात आहे. धंदाच म्हणते, 'इंडस्ट्री' हा शब्द आमच्या कर्वे रोडवरच्या दोन खोल्यांना झेपत नाही. आधी काही वर्षं दुसऱ्यांकडे नोकरी केली, मग स्वतःची एजन्सी काढली. २००८ ची मंदी, २०२० चा लॉकडाउन आणि २०२३ पासून आयटीत पडलेला दुष्काळ, अशी तीन वेळा पडझड पाहिली. तिन्ही वेळा धंदा वेगळ्या वाटेने वाचला.

आधी आमच्याकडे पैसा येतो कुठून ते बघा. कॅन्डिडेटकडून आम्ही एक रुपया घेत नाही. पैसे कंपनी देते, तेही माणूस रुजू झाल्यावर. चालू दर म्हणजे वार्षिक सीटीसीच्या (वर्षाच्या एकूण पगाराच्या) ८.३३ टक्के, थोडक्यात एका महिन्याचा पगार. सहा लाखांचा माणूस लावला की पन्नास हजारांचं बिल होतं. त्याआधी दीडशे सीव्ही चाळले, चाळीस फोन केले, आठ जणांचे इंटरव्ह्यू लावले आणि निवड झालेल्याने जॉइनिंगच्या आदल्या रात्री फोन बंद करून टाकला, तर त्याचं बिल शून्य. वर करारात बहुधा नव्वद दिवसांची रिप्लेसमेंट असते. माणूस तीन महिन्यांच्या आत सोडून गेला तर दुसरा फुकटात शोधून द्यायचा.

लोकांना वाटतं आमचं पोट कंपन्यांच्या वाढीवर भरतं. थोडंफार भरतंही. पण रोजची भाकरी येते ती राजीनाम्यांतून. हिंजवडीत कोणीतरी पेपर टाकतो, त्याची जागा आमच्याकडे येते. ती भरायला आम्ही खराडीतून माणूस उचलतो, की खराडीतली खुर्ची रिकामी होते आणि ती दुसऱ्या एजन्सीकडे जाते. ही साखळी फिरत राहिली की सगळ्यांचं चालतं. मंदीत पेपरांत नोकरकपातीच्या बातम्या झळकतात, पण आमचा गळा आवळला जातो तो लोक आहे ती खुर्ची सोडायला तयार नसतात म्हणून. इन्फोसिसचा ॲट्रिशनचा, म्हणजे माणसं सोडून जाण्याचा, दर जून २०२२ च्या तिमाहीत २८.४ टक्के होता. मार्च २०२४ ला तो १२.६ टक्क्यांवर आला. कंपनीने ही चांगली बातमी म्हणून सांगितली असेल, आमच्यासाठी अर्ध्याहून जास्त साखळी थांबली होती. २०२३-२४ या वर्षात इन्फोसिसची माणसं जवळपास २६ हजारांनी कमी झाली आणि टीसीएसची १३ हजारांनी. टीसीएस शेअर बाजारात आल्यापासून वर्षाचा आकडा घटण्याची ती पहिलीच वेळ. त्यातले बरेचसे आपणहून गेलेले होते, त्यांच्या जागी कोणाला घेतलंच नाही. म्हणजे राजीनामा आला, पण पोझिशन आली नाही. आमच्या दृष्टीने हे सगळ्यात वाईट.

माझी पहिली मंदी २००८ ची. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा मी डेक्कनवरच्या एका कन्सल्टन्सीत होते. आयटी कंपन्या आणि परदेशी बँकांची बॅक ऑफिसं हे आमचे क्लायंट. ऑगस्टमध्ये माझी चार जॉइनिंग झाली होती, नोव्हेंबरमध्ये एकही नाही. गंमत म्हणजे कोणीही क्लायंट 'नको' म्हणत नव्हता. 'पोझिशन होल्डवर आहे' एवढंच म्हणायचे. 'नको' म्हटलं असतं तर बरं झालं असतं, निदान दुसरीकडे बघितलं असतं. आम्ही दिवाळीपर्यंत त्या होल्डवरच्या जागांसाठी सीव्ही पाठवत बसलो, आणि चौदा माणसांच्या ऑफिसचे पगार चालूच.

मग एक दिवस आमच्या सरांनी व्हाइटबोर्डवरच्या सगळ्या आयटी पोझिशन्स पुसल्या आणि विचारलं, आत्ता या देशात पैसे खर्च कोण करतंय? टेलिकॉमवाले करत होते. नवे परवाने घेतलेल्या कंपन्या सेवा सुरू करण्याच्या घाईत होत्या. टाटा डोकोमो जून २००९ मध्ये आली आणि सेकंदाच्या हिशोबाने बिल लावून तिने सगळ्यांचे दर पाडले. टॉवरच्या कामाला साइट इंजिनिअर हवे होते, सिमकार्डं खपवायला डिस्ट्रिब्यूटर सांभाळणारी पोरं हवी होती, आणि तीही सोलापूर, नांदेड, जळगावला. पगार आयटीच्या निम्म्याहून कमी, म्हणजे आमची फीही तशीच. जावा डेव्हलपर शोधणाऱ्या आम्ही पोरी टॉवरवर चढणाऱ्या माणसांना फोन लावत होतो, आणि ते वरूनच फोन उचलायचे. वारा इतका की अर्धं बोलणं ऐकू यायचं नाही. (त्यातले कितीतरी परवाने २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केले, तेव्हा तीच माणसं पुन्हा सीव्ही घेऊन आमच्याकडे आली.) ऑफिसात चौदाचे सहा झाले. मी राहिले, कारण माझा पगार सगळ्यात कमी होता. कर्तबगारीचा त्यात काही संबंध नव्हता.

म्हणजे त्या मंदीत आम्ही क्षेत्र बदललं. सल्ला देणारे हाच उपाय सांगतात, आणि तो बरोबरही आहे. पण त्याला सहा महिने लागतात. नव्या क्षेत्रात ना तुमचा डेटाबेस असतो, ना ओळखी. खिशात सहा महिन्यांचे पगार नसतील तर ही वाट तुमची नाही.

२०२० बद्दल फार सांगत नाही. एप्रिलमध्ये नोकरी डॉट कॉमचा भरती मोजणारा जॉबस्पीक निर्देशांक आदल्या वर्षीपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली होता, हॉटेल आणि ट्रॅव्हलमधली भरती तर जवळजवळ संपलीच होती. पण वर्ष संपता संपता आयटी सुटलं, आणि २०२१ मध्ये एकेक कॅन्डिडेट पाच-पाच ऑफर खिशात घालून फिरायला लागला. तेव्हा पुण्यात कोणीही उठून एजन्सी काढत होतं. लॅपटॉप आणि नोकरीच्या पोर्टलचं लॉगिन एवढंच भांडवल. त्यातल्या बहुतेकांचे बोर्ड आता दिसत नाहीत.

आता २०२३ नंतरचं. यावेळी बदलला तो आमचा मालच. कंपन्यांकडे काम आहे, पण हेडकाउंट, म्हणजे कायम माणसांचा आकडा, वाढवायला मंजुरी मिळत नाही. कायम माणूस घ्यायचा तर परदेशातल्या बॉसची सही लागते. तोच माणूस एजन्सीच्या पगारपत्रकावर ठेवून वर्षभर वापरला, तर तो खर्च व्हेंडरच्या बिलात जातो आणि सही इथल्याच मॅनेजरची चालते. म्हणून पर्मनंट हायरिंग आटलं की कॉन्ट्रॅक्ट स्टाफिंग वाढतं. फी एकरकमी मिळत नाही, महिन्याला थोडी थोडी मिळते, पण मिळत राहते. माझ्या उत्पन्नाचा अर्ध्याहून जास्त भाग आज यातून येतो.

मात्र ही वाट दिसते तितकी सोपी नाही. वीस माणसं, सरासरी पन्नास हजार पगार, म्हणजे महिन्याला दहा लाख. पगार मी सात तारखेच्या आत द्यायचा, पीएफ पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत भरायचा, आणि क्लायंट बिल चुकवणार साठ दिवसांनी. वीस लाख रुपये कायम हवेत लटकलेले. २०२३ मध्ये मी बायकांच्या भिशीपासून ते सासऱ्यांच्या एफडीवरच्या कर्जापर्यंत सगळं करून झालं. बँकेच्या कॅश क्रेडिटसाठी तारण लागतं, आणि आमच्याकडे तारण ठेवायला आहे काय? खुर्च्या. त्यामुळे मंदीत मोठ्या स्टाफिंग कंपन्या आणखी मोठ्या होतात, आमच्यासारख्या दम लागेपर्यंत धावतात.

आणि एक कबूल करते. जो माणूस काढायला सोपा, तो घ्यायला सोपा, या सोयीची आम्ही किंमत लावतो. जुलै २०१९ मध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री ३१ टक्क्यांनी घसरली होती. त्या सुमारास चाकण-भोसरीला कामगार पुरवणारा माझ्या ओळखीचा एक जण सांगायचा, कंपनी ब्लॉक क्लोजर (काही दिवस कारखाना बंद) जाहीर करते त्याच्या आदल्या दिवशी मला फोन येतो, 'उद्यापासून साठ कमी'. कोणते साठ, ते त्याने ठरवायचं. कंपनीच्या नोंदीत कोणालाही काढलेलं नसतं.

बुडालेल्या एजन्स्यांपैकी पोझिशन नाहीत म्हणून बुडालेल्या मी कमी पाहिल्या. बिलं वसूल झाली नाहीत म्हणून बुडालेल्याच जास्त. २००८ मध्ये सर्व्हिस टॅक्स पैसे हातात आल्यावर भरायचा असे. आता जीएसटी बिल केलं की लागू होतो. म्हणजे पन्नास हजारांचं बिल फाडलं की नऊ हजार सरकारला देणं लागतो, क्लायंटने पैसे दिलेले असोत वा नसोत. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर कायद्याने पैसे ४५ दिवसांत मिळायला हवेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, आणि सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. मी कधी केली नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार केली तो क्लायंट पुन्हा काम देत नाही. त्यापेक्षा आयकराचं ४३बी(एच) कलम कामाला आलं. २०२३-२४ पासून छोट्या पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च वजावटीत धरता येत नाही. त्या मार्चमध्ये वर्षभर माझा फोन न उचलणाऱ्या अकाउंट्सवाल्यांनी स्वतःहून फोन करून उद्यमचं सर्टिफिकेट मागितलं.

दुसरं, करारातली वाक्यं. २०२३ मध्ये एका क्लायंटने माझ्याकडून घेतलेली तीन माणसं सत्तराव्या दिवशी 'बजेट कट' म्हणून काढली आणि वर रिप्लेसमेंटच्या अटीवर बोट ठेवून माझ्याकडे क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम परत, मागितली. कागदावर ते बरोबर होते, मी वाक्य नीट वाचलं नव्हतं. आता माझ्या प्रत्येक करारात लिहिलेलं असतं: रिप्लेसमेंट कॅन्डिडेटने स्वतः सोडलं किंवा कामात कमी पडला तरच.

मंदीत अर्जांचा पूर येतो, एका जाहिरातीला हजार-हजार. क्लायंटला वाटतं, एवढे सीव्ही फुकट येतायत तर एजन्सी कशाला? दोन महिन्यांनी तोच फोन करतो, कारण हजारांतले नऊशे जुळत नाहीत, आणि हल्ली एआयने लिहिलेले असल्यामुळे सगळे सारखेच दिसतात. पूर्वी आम्ही माणूस शोधून देत होतो, आता गाळून देतो. खोटी अनुभवपत्रं या काळात फार वाढतात, म्हणून पीएफच्या यूएएनवरचा (प्रत्येकाच्या कायम पीएफ नंबरवरचा) नोकऱ्यांचा इतिहास तपासणं, जुन्या मॅनेजरशी बोलणं, हेही आम्ही विकायला लागलो.

आणि कपात झाली की कंपन्या आधी स्वतःचे रिक्रूटर काढतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११ हजार लोकांना काढलं, तेव्हा झुकरबर्गने पत्रातच सांगितलं होतं की रिक्रूटिंग विभागाला जास्त झळ बसेल, कारण पुढच्या वर्षी भरती कमी असेल. इकडेही तेच झालं. मग अचानक पंधरा जागा भरायच्या येतात आणि कंपनीत भरती करणारंच कोणी उरलेलं नसतं. अशा वेळी आमची एक मुलगी चार-सहा महिने त्यांच्याकडे बसते, महिन्याच्या ठरलेल्या पैशांत. जागा भरली गेली नाही तरी पैसे येतात. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या पुण्यातल्या जीसीसींकडून (त्यांचंच काम करणाऱ्या इथल्या केंद्रांकडून) असं काम येतंय, त्यावर आमचं बरं चाललंय.

एक जाता जाता: मंदीत बोगस एजन्स्या पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवतात. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट मागणारा कोणीही असो, फोन ठेवा. परदेशी पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटालाही जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं.

आता तुमची ऑफर. इंटरव्ह्यूला तुम्हीच प्रश्न विचारायला जाताय असं समजा. उत्पन्नातलं किती कॉन्ट्रॅक्टचं आणि किती पर्मनंटचं, ते विचारा. सगळ्यात मोठा क्लायंट एकूण धंद्याच्या किती टक्के आहे, विचारा. निम्म्याच्या वर असेल तर तो गेला की तुम्हीही गेलात. मागचे सहा महिने पगार कोणत्या तारखेला झाले, हे मालकाला विचारू नका, बाहेर चहाच्या टपरीवर तिथल्या मुलांना विचारा. आणि इन्सेन्टिव्ह जॉइनिंगवर मिळतो की क्लायंटचे पैसे जमा झाल्यावर, ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. माझ्याकडे आता पैसे जमा झाल्यावरच मिळतो. २०२३ पर्यंत मी जॉइनिंगवर देत होते.